पहाटेची लोकल आणि पित्ताची गोळी

उंबरमाळी कुठे आहे, असं दादर-परळकडच्या कुणाला विचारलं तर बहुतेकांना सांगता यायचं नाही. कसारा लोकलमध्ये शेवटपर्यंत बसलात तरच ते स्टेशन दिसतं. खर्डी गेलं की उंबरमाळी आणि मग कसारा. जुलै २०२१ च्या त्या पावसात रुळांवर पार फलाटाच्या उंचीपर्यंत पाणी चढलं, तेव्हा दोन दिवस हे नाव टीव्हीवर झळकलं. बाकी वर्षभर इथल्या पोरापोरींची आणि मुंबईची गाठ पडते ती डब्यातच.

कसाऱ्याहून सीएसएमटी १२१ किलोमीटर. म्हणजे साधारण अडीच तास, तेही गाडी वेळेत असेल तर. कुणी कल्याणला कॉलेजात, कुणी आसनगाव-वाशिंदच्या कंपनीत, कुणी भिवंडीच्या गोडाऊनला, कुणी थेट ठाण्यात. पहाटे उठायचं, घोटभर चहा मारायचा, मिळालं तर दोन बिस्किटं. डबा उघडतो दुपारी एक-दोनला. परतताना कल्याणला गाडीची वाट बघताना वडापाव, सोबत तळलेली मिरची. रात्री दहा-साडेदहाला घरी जेवण आणि हात धुतले की पाठ टेकायची, कारण उद्या पुन्हा तीच गाडी. या वेळापत्रकात पोट कुरकुरणार नाही तर काय! म्हणून मग बॅगेच्या पुढच्या कप्प्यात पास, इयरफोन आणि अर्धी संपलेली गोळ्यांची स्ट्रिप.

‘दादा, पित्ताची एक द्या ना.’

‘चाळीसची देऊ? उपाशीपोटी घे.’

संपला संवाद. किती दिवस घ्यायची, आणखी कुठली औषधं चालू आहेत का, काहीच विचारलं जात नाही. आपणही सांगत नाही. खरं तर ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असं तिच्या पाकिटावरच छापलेलं असतं. पण चिंच-गोळीसारखी ती हातोहात मिळते, म्हणून ती चिंच-गोळीच आहे असं आपल्याला वाटायला लागतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत आपण एकाच शब्दात फार काही कोंबतो. छातीत जळजळलं की पित्त, डोकं धरलं की पित्त, उलटी झाली की पित्त आणि अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. यातली गांधींची ॲलर्जी आणि पोटातलं ॲसिड यांचा एकमेकांशी संबंध नाही. अंगाला खाज सुटली म्हणून ॲसिड कमी करणारी गोळी घेणारे लोक आहेत, आणि त्यांना तिचा काडीचा उपयोग होत नाही. पित्ताशय हा तर तिसराच मामला. तिथे खडे असतील तर तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते, आणि तिला गॅस समजून महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात.

आता स्ट्रिप उलटी करा आणि मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडून बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. शेपटीला ‘प्राझोल’ असेल तर सगळी एकाच घराण्यातली, डॉक्टरांच्या भाषेत पीपीआय. याचा फायदा असा, की घरात दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातंय का, ते तुम्हालाच पकडता येतं. शेपूट ‘टिडीन’ असेल, म्हणजे रॅनिटिडीन किंवा फॅमोटिडीन, तर घराणं वेगळं. रॅनिटिडीन एके काळी घरोघरी होती. तिच्यात कर्करोगाचा संशय असलेली एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली, अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून तिचं नाव गेलं. आणि पांढरं-गुलाबी पातळ औषध किंवा पाण्यात फसफसणारी पूड, ती अँटासिड. ती झालेलं ॲसिड जागेवर मारते, मिनिटांत बरं वाटतं आणि परिणाम थोड्या वेळात ओसरतो.

प्राझोलवाली गोळी असं काही करत नाही. सगळी गंमत इथेच आहे. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे अगदी सूक्ष्म पंप असतात. उपाशी असताना त्यातले बरेचसे झोपलेले असतात. आपण खाल्लं की ते जागे होऊन कामाला लागतात. ही गोळी पोटात थेट काम करत नाही. उलट जठरातल्या ॲसिडने ती खराब होऊ नये म्हणून तिला वरून लेप दिलेला असतो. ती लहान आतड्यात जाऊन विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या त्या पेशींपाशी येते. तिथे ती फक्त चालू असलेल्या पंपाला धरते आणि कायमचा बंद पाडते. झोपलेला पंप तिच्या तावडीत सापडत नाही. आणि रक्तात तिचा मुक्काम जेमतेम काही तासांचा.

म्हणून वेळ महत्त्वाची. गोळी रक्तात पोचायला आणि पंप जागे व्हायला एकच मुहूर्त साधायचा असतो, म्हणजे जेवणाआधी अर्धा ते एक तास. ‘उपाशीपोटी घे’ हा सल्ला अर्धाच आहे. उपाशीपोटी घेऊन पुढे सहा तास उपाशीच राहिलात, तर गोळी आली, पंप झोपलेलेच होते, गोळी गेली. पहाटे साडेचारला गोळी आणि पहिला घास दुपारी दीडला, हा हिशेब लोकलवाल्यांचा अगदी नेहमीचा. मग आठवडाभर गोळ्या खाऊनही फरक नाही आणि पुढे चाळीसची ऐंशी होते.

मग करायचं काय? ज्याला तुम्ही स्वतः खाणं म्हणाल, असं दिवसातलं पहिलं खाणं कधी होतं ते बघा आणि त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्या. घरून भाकरी खाऊन निघत असाल तर उठल्या उठल्या. कामावर पोचून आठला नाश्ता करत असाल तर गाडीतच सव्वासातच्या सुमाराला, बाटलीतल्या पाण्याबरोबर. रात्रपाळीवाल्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यांची सकाळ तीच. घड्याळातले किती वाजले याच्याशी गोळीला देणंघेणं नाही. घोटभर पाण्याने अख्खी गिळायची. चावली, कुटली, अर्धी मोडली की लेप फुटला आणि औषध जठरातच वाया गेलं. विसरलात तर पुढच्या जेवणाआधी घ्या, पण भरपाई म्हणून दोन एकदम नकोत.

आणखी एक गैरसमज. वडापाव खाल्ल्यावर जळजळ सुटली म्हणून तेव्हा पॅन्टोप्राझोल घेणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभं राहणं. पहिल्या दिवशी थोडेच पंप बंद होतात, पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. त्या क्षणाच्या जळजळीसाठी अँटासिड आहे. फक्त ते दुसऱ्या औषधांच्या अगदी सोबत घेऊ नका, दोनेक तासांचं अंतर ठेवा, कारण ते बऱ्याच औषधांना आतड्यात अडवतं.

कधीपर्यंत घ्यायची?

डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, आणि आपण नेमका तोच विचारत नाही. छातीत वारंवार जळजळ असेल तर साधारण चार ते आठ आठवडे. जठरात किंवा आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तरीही तेवढेच. एच. पायलोरी नावाचा जंतू सापडला तर दोन अँटिबायोटिक्सच्या जोडीला बहुधा १४ दिवस. तापासाठी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि ‘पोटाला त्रास नको’ म्हणून सोबत ही दिली, तर वेदनाशामक संपली त्या दिवशी हिचंही काम संपलं. पण होतं असं, की बाकीच्या पुड्या संपतात आणि ही स्ट्रिप फळीवर उरते. मग आई घेते, काका घेतात, भाऊ घेतो.

त्या जंतूचा किस्सा सांगायलाच हवा. तिखट आणि टेन्शन यांनीच अल्सर होतो, असं जगभरचे डॉक्टरसुद्धा मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांना ते पटत नव्हतं. १९८४ मध्ये पठ्ठ्याने जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. या जंतूच्या श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीतून तुकडा काढून केलेल्या तपासणीआधी दोन आठवडे प्राझोलवाली गोळी बंद ठेवावी लागते. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ म्हणून येऊ शकतो. आणि आपण मेडिकलवरून गोळी घेतोय, हे डॉक्टरांना माहीतच नसतं!

बंद करताना जे होतं तेही माहीत हवं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोटाचा काहीही त्रास नसलेल्या १२० जणांना घेतलं. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिली, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. नंतर सगळ्यांनाच खोटी गोळी. खरं औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळ, आंबट ढेकर असे त्रास झाले. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे धडधाकट माणसाला औषधाने ॲसिडिटी लावली. कारण सोपं आहे. पंप बंद राहिले की शरीर ‘ॲसिड कमी पडतंय’ असं समजून इशारे वाढवत नेतं, आणि गोळी थांबली की सगळे पंप एकदम जोरात सुटतात. काही आठवड्यांत हे आपोआप शांत होतं. पण तोवर आपण ‘बघ, गोळीशिवाय जमतच नाही’ म्हणून पुन्हा मेडिकल गाठलेलं असतं. बरेच महिने घेत असाल तर डॉक्टरांना विचारून डोस निम्मा करा, मग एक दिवसाआड, मधल्या जळजळीला अँटासिड. असे दोन-तीन आठवडे काढले की सुटका होते.

रक्त, पाणी आणि पावसाळा

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांत या विषयाची एक बाजू आहे, जी शहरातल्या लेखांत सहसा येत नाही. अंगात रक्त कमी. शाळेत निळी लोहाची गोळी मिळते, आशाताई किंवा उपकेंद्रातून गरोदर बाईला लाल मिळते. लोहाच्या गोळीने काहींना मळमळतं, पोटात ढवळतं. मग कुणीतरी म्हणतं, सोबत एक पित्ताची घे. ढवळणं थांबतं, सगळे खूश. पण भाजीभाकरीतलं आणि गोळीतलं लोह अंगी लागायला जठरातलं ॲसिड लागतं. ते महिनोन्‌महिने दाबून ठेवलं तर लोहाची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन हवं तसं चढत नाही. आणि ‘पोरगी गोळ्या खातच नसेल’ असा ठपका तिच्यावरच. लोहाने त्रास होत असेल तर ती जेवणानंतर तासाभराने घ्या, चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेलं काही सोबत चालेल. तरीही झेपत नसेल तर आशाताईंना तसं सांगा, दुसरी सोय करता येते. लोहाने शौचाला काळपट होते, त्याने घाबरायचं नाही. पण लोह चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली, तर तो आतल्या रक्तस्रावाचा इशारा आहे.

बी-१२ चंही तसंच. अन्नातून ते मोकळं व्हायला ॲसिड लागतं. मांस-मच्छी कधीमधीच खाणाऱ्यांमध्ये ते आधीच काठावर असतं, त्यात वर्षानुवर्षं ही गोळी म्हणजे हातापायाला मुंग्या आल्या की आधी कुठे बघायचं ते कळलंच.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघायची वेळ. पाऊस पडला की विहिरीत गढूळ पाणी उतरतं. तोंडावाटे येणारे बरेच जंतू जठरातलं ॲसिड मारतं. ते आपलं पहिलं नाकं. ते नाकं उघडं ठेवलं तर जुलाबाचे जंतू सहज आत शिरतात. हे नुसतं तर्काने सांगत नाही. सुमारे साडेसतरा हजार हृदयरुग्णांवर तीन वर्षं पॅन्टोप्राझोलची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. गोळी घेणाऱ्यांत पोटाचे संसर्ग थोडे जास्त दिसले, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. त्याच चाचणीत हाडं मोडणं, किडनीचा जुना आजार, स्मृतिभ्रंश यांत मात्र ठळक वाढ दिसली नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘ॲसिडिटीच्या गोळीने मेंदू सडतो’ छापाच्या मेसेजने घाबरून जाऊ नका. पावसाळ्यात गोळी चालू असेल तर पाणी उकळून प्या, एवढं नक्की करा.

म्हणजे ही गोळी अगदी निर्धोक, असंही नाही. क्वचित किडनीला अचानक सूज येते. २०१९ मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी कंपन्यांना हा इशारा माहितीपत्रकात घालायला सांगितला. लघवी कमी झाली, पाय सुजले, अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी कधीपासून चालू आहे ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. दीर्घकाळ घेणाऱ्यांत मॅग्नेशियम उतरतं, मग पायात गोळे, हात थरथरणं, छातीत धडधड.

कॅप्सूलवर नावापुढे ‘डी’ असेल तर तिच्यात बहुतेक वेळा डॉम्पेरिडोनही असतं. उलटी-मळमळीवरचं औषध. नुसत्या जळजळीला ते लागतंच असं नाही. हृदयाचे ठोके बिघडवू शकतं म्हणून युरोपने २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या. बाळंत नसलेल्या मुलीच्या छातीतून दूध येऊ लागलं आणि घरात नको ते तर्क सुरू झाले, तर आधी ही कॅप्सूल चालू आहे का ते बघा. हे घडू शकतं, आणि औषध थांबवलं की सहसा थांबतं.

गजकर्णाची गोष्ट तर खास तरुणांसाठी. ओले कपडे, घाम, गर्दीचा डबा, त्यामुळे तो हल्ली घरटी आहे. त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात. त्या अंगी लागायला ॲसिड हवं. सोबत पित्ताची गोळी चालू असेल तर महागडी कॅप्सूल फुकट जाते आणि गजकर्ण जाग्यावर. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली असेल आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल तिचा जोर कमी करतात, पर्याय डॉक्टर देतात. पण त्यांना रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर डॉक्टरांनी मुद्दाम पॅन्टोप्राझोल लिहिली असेल, तर हा लेख दाखवून ती बंद करायला लावू नका. तिथे ती रक्तस्राव टाळण्यासाठीच असते.

गोळीने झाकून ठेवू नये अशी काही लक्षणं आहेत. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, वर सांगितलेली काळी शौच, पोटात गाठ, न थांबणाऱ्या उलट्या. पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच जळजळ सुरू झालेल्या माणसालाही तपासूनच घ्यायला हवं, त्यातही तंबाखू-मशेरी असेल तर नक्कीच. कसाऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. एक दिवसाचा खाडा परवडतो.

आणि छातीत दाटून आलं, घाम फुटला, दम लागला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, तर ‘गॅस झालाय, गोळी घे आणि पड’ असं म्हणत बसायचं नाही. १०८ ला फोन. पाड्यापासून मोठ्या दवाखान्यापर्यंतचा वेळ आधीच जास्त, त्यात गोळी लागू पडायची वाट बघण्यात अर्धा तास घालवणं परवडत नाही. वय पस्तीस आहे म्हणून सूट मिळत नाही.

राहता राहिलं रोजचं जगणं. ‘वेळेवर जेवा, तणाव घेऊ नका’ हे लोकलवाल्याला सांगणाऱ्याने एकदा त्या गाडीतून प्रवास करावा. जमण्यासारखं एवढंच आहे: रात्री घरी येऊन पोटभर जेवण्यापेक्षा संध्याकाळी गाडीत डब्यातली उरलेली पोळीभाजी खा, घरी हलकं. जेवण आणि झोप यांत दोन तास मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर उशाकडचे पलंगाचे पाय दोन विटांवर चढवा आणि डाव्या कुशीवर झोपा. नुसत्या दोन उशांनी मान दुखते, जळजळ तशीच. गोडाऊनला पाठ भरून येते म्हणून रोज डायक्लोफिनॅक घेणारे खूप आहेत. जळजळीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं, आणि वरून पित्ताची गोळी चढवून रोजची वेदनाशामक चालू ठेवणं हा इलाज नाही.

मेडिकलवाला दोन-चार गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. ‘दादा, तारीख असलेली बाजू द्या’ असं सांगायचं, नाहीतर पूर्ण स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढून घ्यायचा. दवाखान्यात ‘ती छोटी पिवळी गोळी’ म्हणण्यापेक्षा फोटो दाखवला की काम झालं. आणि गोळ्या स्ट्रिपमधून काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवू नका. इथल्या पावसात चार दिवसांत त्यांना दमटपणा धरतो.